गिलोरींच्या बायकांचा शनिवार

"नाही," मॅरिएल म्हणाली. "आजी, मी त्या न्हाणीघरात येणार नाही."

बाहेर अंगणात तिच्या मावशीचा नवरा लुसियन मोठ्या कढईखाली लाकडं सारत होता, त्याचा आवाज स्वयंपाकघरात येत होता. युलाली न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. तिच्या एका हातात लाल रबरी पिशवी होती, नवी कोरी, नळी गुंडाळून पांढऱ्या रिबिनीने बांधलेली. दुसऱ्या हातात व्हिनेगरची बाटली. ही बाई गेल्या ईस्टरला बिशपांना तोंडावर सांगून आली होती, की प्रवचन फार लांबवलंत. आणि आज तिला नातीने नाही म्हटलं होतं. तेही लग्नाच्या आदल्या दिवशी, आई, मावशी आणि मामीच्या देखत.

गिलोरींच्या घरची ही रीत होती. लग्नाच्या आदल्या दुपारी घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईने नवरीला न्हाणीघरात न्यायचं, कडी लावायची आणि पाळीच्या वाटेने आतून कसं धुवायचं ते शिकवायचं. कोमट पाणी किती, व्हिनेगर किती, पिशवी कुठे टांगायची, नळी कशी धरायची. पुढे जन्मभर दर शनिवारी संध्याकाळी हे करायचं, म्हणजे रविवारी चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायला बाई आतबाहेर स्वच्छ. या घरात मुलीला आधी बाप्तिस्मा मिळे, मग पहिलं कम्युनियन, मग ही पिशवी, आणि तिन्हींत फारसा फरक कुणी करत नसे. ओपेलुसासच्या पंचक्रोशीतल्या काळ्या कॅथलिक घरांत गिलोरींच्या बायका स्वच्छतेसाठी ओळखल्या जात, आणि तसं ओळखलं जाण्यासाठी त्या काय वाटेल ते करत.

ओडिल, युलालीची धाकटी मुलगी, टेबलाशी सॅलडसाठी उकडलेले बटाटे सोलत बसली होती. पिशवी तिनेच आणली होती. गावच्या दुकानात आता ती मिळत नाही म्हणून लाफियेतपर्यंत गाडी हाकत गेली होती, आणि रिबीनही तिनेच बांधली होती. आईचा उजवा हात कोण, असं कुणी विचारलं असतं तर घरातल्या मांजरानेसुद्धा ओडिलकडे पाहिलं असतं.

पण आज तिचं लक्ष धड बटाट्यांत नव्हतं आणि पिशवीतही नव्हतं. बुधवारी जेवताना लुसियनने, तिच्या नवऱ्याने, ताटातून मान वर न करता सांगितलं होतं, "मॅरिएलचं लग्न होऊ दे. रविवारी मी ह्यूस्टनला भावाकडे जातो. परत यायचा विचार नाही. मी तुला नकोसा झालोय, हे कळायला मला एवढी वर्षं लागली. डोकं जाड आहे माझं." ओडिलने उत्तर म्हणून त्याच्यापुढे भाताचं भांडं सरकवलं होतं. ही गोष्ट तिने अजून कुणालाही सांगितली नव्हती. सांगायची तर कारणही सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगण्यापेक्षा मेलेलं बरं असं तिला वाटत होतं.

"लाजतेस का गं?" युलालीने आवाज मऊ केला. "तुझ्या आईला मी अंघोळ घातली, तुलाही घातली. माझ्यापुढे कसली लाज?"

"लाज नाही, आजी. मला ते करायचं नाही. आणि खरं सांगू, तुम्हीही कुणी करू नका."

"घ्या!" जेनिव्हीवने कोलंबीचं पातेलं आपटलं. ही गिलोरींची सून, ओडिलच्या भावाची बायको. "पोरगी बॅटन रूजला जाऊन चार बुकं काय शिकली, आता आजीला धुवायला शिकवणार! आई, तुम्ही मला शिकवलंत तेव्हा मी हूं की चूं केलं होतं का?"

"तू बाहेरून आलेली, तुला शिकायची हौस होती," युलाली म्हणाली. सुनेला शाबासकी देतानाही चिमटा काढल्याशिवाय तिला राहवत नसे.

मॅरिएलची आई ऑरेलिया, युलालीची थोरली, चुलीपासून तशीच वळली. "मॅरिएल, आजीची माफी माग. आत्ताच्या आत्ता. वाद घालायचाच असला तर सोमवारी घाल."

"सोमवारी माझा हनिमून आहे, मम्मी."

"मग आल्यावर घाल!"

"नाही. आजच बोलते. कारण मला त्यानेच दुखणं लागलं होतं." मॅरिएलने खुर्ची ओढली आणि ती बसली. वाद मिटायच्या आत उठायचं नाही असं बसणं होतं ते. "मी लग्नापर्यंत थांबले नाही. कॉलेजात असताना दुकानातून तयार बाटल्या आणायचे, फुलांच्या वासाच्या. दर शनिवारी."

"लग्नाआधी?" युलालीने विचारलं. "लग्नाआधी तुला कशाला हवं होतं ते?"

"तुमच्याकडे बघून गं! लहानपणापासून शनिवारी बघत आले, एकेक जण आत जायची, कडी लावायची, आणि बाहेर यायची ती राणीसारखी. मला वाटलं मोठं होणं म्हणजे हेच."

ऑरेलियाने छातीवर क्रूस काढला.

"दुसऱ्या वर्षी त्रास सुरू झाला," मॅरिएल सांगू लागली. "अंगावरून पांढरं जायला लागलं. नेहमीचं नाही, ते सगळ्यांनाच थोडं जातं. हे पातळ, राखाडीसर. आणि वास. माशांसारखा. पाळी संपली की जास्तच. वर्गात मी कायम शेवटच्या बाकावर बसायचे. धुतलं की जरा बरं वाटायचं, आणि मग..."

"दोन दिवस," ओडिल म्हणाली.

"काय?"

"दोन दिवस बरं वाटतं. मग पहिल्यापेक्षा दुप्पट येतो."

शब्द तोंडातून गेले आणि मग ओडिलच्या लक्षात आलं की ते तिने मोठ्याने उच्चारले. चौघीही तिच्याकडे बघत होत्या. तिच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता. तो तिने टेबलावर ठेवला. माशांसारखा वास. पाळीनंतर जास्त. तिने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ही पोरगी ते बाजाराची यादी वाचावी तसं सांगत होती. तिच्या एकटीचं वाटलेलं पाप दुसरीच्या तोंडून, जसंच्या तसं.

"तुला काय ठाऊक ते?" युलालीने हळू विचारलं.

ओडिलला खोटं बोलता आलं असतं. कुठेतरी वाचलं म्हणता आलं असतं. पण तिने उलट विचारलं, "पोरी, कुणा डॉक्टरीणबाईला दाखवलंस का? काय म्हणाली?"

"गोरी होती का?" जेनिव्हीवने मध्येच हटकलं. गोऱ्या डॉक्टरांनी आपल्या बायकांना काय काय करून ठेवलंय त्याचा तिच्याकडे मोठा साठा होता.

"आपल्यातलीच, मामी. युनिस गावची. तिची आजीच्या वयाची आईही हेच करायची, असं म्हणाली. तिने मला विचारलं, काय वापरतेस? मी ताठ मानेने सांगितलं, आम्ही गिलोरी, आम्ही आतून धुतो. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, 'पोरी, योनी स्वतःला स्वतः धुते. तुला...'"

"अगं हळू!" ऑरेलियाने खिडकीकडे पाहिलं. "बाहेर पुरुषमाणूस आहे!"

"त्यांना माहीत आहे ती, मम्मी. नसती तर मी कुठून आले असते?"

एरवी यावर जेनिव्हीव पोट धरून हसली असती. आज तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"आजी, तू खिडकीत दूध विरजून ठेवायचीस, आठवतं?" मॅरिएल आता युलालीशी बोलत होती, आणि आवाजातली धार गेली होती. "ते विरजण तू दर शनिवारी धुऊन टाकलं असतंस तर दुधाचं काय झालं असतं?"

"नासलं असतं."

"तसंच आहे ते. आत चांगलं विरजण असतं, ते वाईट जंतूंना वाढू देत नाही. आपण ते धुऊन टाकतो, मग भलतंच काहीतरी माजतं, आणि वास येतो. वास येतो म्हणून आपण आणखी धुतो. कधी कधी तर ती घाण आत, वर गर्भाशयाकडे ढकलली जाते. बाहेरून साध्या पाण्याने धुवायचं, बस्स. आत काही घालायचं नाही. व्हिनेगर नाही, साबण नाही, अत्तर नाही."

"मूर्खपणा!" युलाली कडाडली. "मग एवढ्या पिढ्या काय वेड्या होत्या? वास येतो तो नीट न धुतल्याने. ओडिल, तुलाही तेच सांगितलं होतं ना मी? नीट धुतलं नाहीस तू."

सांगितलं होतं खरं. लग्नाला काही वर्षं झाल्यावर ओडिलने एकदा धीर करून आईला विचारलं होतं, आणि आईने कांदा चिरता चिरता म्हटलं होतं, "वास जात नाही? मग व्हिनेगर वाढव." पुन्हा विचारायचा प्रश्नच आला नाही. आईने शिकवलेलं ज्या मुलीला जमत नाही ती मुलगीच घाणेरडी, हा हिशेब ओडिलने स्वतःच मांडला आणि स्वतःलाच दोषी ठरवून मोकळी झाली.

"आई," ती म्हणाली, "मी रोज धुते."

"रोज?"

"कधी कधी दोनदा. व्हिनेगर वाढवत वाढवत निम्मं करते. आग होते, चालताना डोळ्यांत पाणी येतं, तरी करते. शनिवारची वाट बघणं मी कधीच सोडलंय."

"देवा रे," ऑरेलिया म्हणाली. तिने बहिणीचा हात धरायला हात पुढे केला, आणि तो मधेच थांबला. "आणि लुसियन? त्याला...?"

"मी शिवणाच्या खोलीत झोपते. पाठ दुखते म्हणून कडक गादी लागते, असं सांगितलंय त्याला. अकरा वर्षं झाली." ओडिलला वाटलं होतं हे बोलताना जमीन फाटेल. जमीन जागच्या जागी होती. "तो माझ्याजवळ येऊ नये म्हणून. त्याने नाक मुरडलेलं मला बघवलं नसतं. त्याला वाटतं मला त्याची किळस येते. आई, तो रविवारी चाललाय. ह्यूस्टनला. कायमचा."

जेनिव्हीवच्या तोंडून "काय?" एवढंच आलं. कुणी नवरा सोडून गेला, कुणाचा पकडून आणला, सगळं या स्वयंपाकघरात आधी कळायचं. लुसियनसारखा शांत माणूस, दोन आठवडे समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर आणि दोन आठवडे घरी, ज्याने सासूला कधी उलटून उत्तर दिलं नाही, तो बायको सोडून चालला होता आणि कुणाला वाराही लागला नव्हता.

मग जेनिव्हीव म्हणाली, "मलाही येतो." कोलंबीच्या पातेल्याकडे बघत, पुटपुटत. "तुमच्या मुलाला मी दिवा लावू देत नाही, जवळ येऊ देत नाही, आधी तासभर न्हाणीघरात. मी दाखवायला गेले नाही कुणाला. म्हटलं लोक म्हणतील, गिलोरींनी शिकवलं पण हिला गिलोरी होता आलं नाही."

"जेनिव्हीव, मघाशी तर तू..."

"मघाशी मी तुमच्या बाजूची होते, आई. आता नाही."

"पण मला कधीच काही झालं नाही!" ऑरेलिया एकदम म्हणाली, जणू तिच्यावर कुणी आळ घेतला होता. "मी पण दर शनिवारी करते. मला काही नाही झालं!"

"सगळ्यांनाच होत नाही, मम्मी," मॅरिएल म्हणाली. "तुझं नशीब. पण मावशीचं बघ ना."

युलाली अजून दाराशीच उभी होती. तिने व्हिनेगरची बाटली फडताळावर ठेवली, पण पिशवी सोडली नाही. "तुम्हाला काय माहीत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता असा झाला. "माझी आई एका गोऱ्या बाईकडे कपडे धुवायची. मला सोबत न्यायची. आम्ही आत गेलो की ती बाई खिडक्या उघडायची. भर थंडीत. म्हणायची, तुमच्या लोकांना वास येतो. आमच्या तोंडावर. माझी आई दिवसभर साबणात बुडालेली असायची आणि तिला वास! त्या दिवशी घरी आल्यावर आईने मला घासलं, साल निघेपर्यंत घासलं. मी ठरवलं, माझ्या मुलींसाठी कुणी खिडकी उघडणार नाही. कुणाची टाप नाही व्हायची."

ओडिलला आईची दया आली आणि संतापही आला, एकाच वेळी, आणि कुठलं आधी बाहेर काढावं ते कळेना. "ती बाई कधीच मेली, आई," ती म्हणाली. "आता खिडकी मी उघडते. रोज. शिवणाच्या खोलीतली."

म्हातारीने खुर्चीसाठी मागे हात नेला, जेनिव्हीवनेच ती पुढे केली. युलालीने मांडीवरच्या पिशवीची रिबीन बोटाने सरळ केली. मग नातीला, अगदी हळू, विचारलं, "ती तुझी डॉक्टर... म्हाताऱ्या बायकांनाही तपासते का?"

या प्रश्नाचा अर्थ काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि गरजही नव्हती.

"तपासते, आजी," मॅरिएलने तिचा गुडघा धरला. "मावशी, तूही जा. माझ्या गोळ्या मागू नकोस, आधी तिला बघू दे, दुसरंही काही असू शकतं. पण हेच असलं तर घाबरू नकोस. मला आठवडाभर गोळ्या दिल्या. आठवड्यात गेलं."

"किती?"

"एक आठवडा."

ओडिलला रडू यायला हवं होतं. आला तो राग. एक आठवडा! तिने तरुणपण शिवणाच्या खोलीत घालवलं होतं. नवऱ्याचा हात खांद्यावर पडला की दचकून उठायची, काहीतरी आणायला जायची. तो समुद्रावर गेला की सुटका वाटायची आणि त्या सुटकेची लाज वाटायची. आणि औषध होतं आठवड्याभराचं, गाडीने तासाभराच्या अंतरावर. ती उठली. ऑरेलियाने विचारलं, कुठे? ओडिलने उत्तर दिलं नाही. हात पुसायचंही तिला सुचलं नाही.

अंगणात लुसियन लग्नाच्या जेवणातल्या गम्बोच्या दाट रश्शासाठी तेलात पीठ परतत होता. एवढ्या मोठ्या कढईचं काम गिलोरींकडे त्याच्याशिवाय कुणाला सोपवत नसत. "आत्ता बोलता येणार नाही," तो वर न बघता म्हणाला. "हात थांबला की करपेल."

"करपू दे," ओडिल म्हणाली. "लुसियन, माझी पाठ दुखत नाही. कधीच दुखत नव्हती. मला खाली वास येतो. दुखणं आहे ते, मला आत्ता कळलं. मला वाटत होतं मीच घाणेरडी आहे. तुला कळू नये म्हणून मी दुसऱ्या खोलीत झोपते."

लुसियनचा हात थांबला. "कसला वास?"

"बायकांचा. वाईट. तुला आला नाही कधी?"

"आला असेल." तो गोंधळून तिच्याकडे बघत होता. "माझ्या नाकात जन्माचं डिझेल भरलंय, ओडिल. मला काय कळणार? मी कधी काही बोललो का?"

"नाही."

"तोंड वाकडं केलं?"

"मी तुला तेवढं जवळ येऊच दिलं नाही."

कढईतून धूर यायला लागला होता. पीठ तपकिरीचं काळं झालं होतं आणि लुसियन उलथणं धरून नुसता उभा होता. "म्हणजे," तो म्हणाला, आणि त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली, "म्हणजे मी तुला नकोसा नव्हतो?"

"एक दिवसही नाही."

त्याने उलथणं जमिनीवर आपटलं. कुत्रं केकाटत पळालं. "आणि हे तू आधी आत जाऊन सांगितलंस? तुझ्या आईला? जेनिव्हीवला? उद्या पाद्रीबाबालाही कळेल, आणि मला सगळ्यांत शेवटी?"

"हो."

"मी भावाला सांगून बसलोय. फलाटावर सगळ्यांना सांगून बसलोय, बायकोला मी नको म्हणून!"

"रागव. तुझं बरोबर आहे."

"रागावलोच आहे!" तो ओरडला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतली डोकी एकदम खाली गेली. मग तो उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला, एवढा दांडगा माणूस, आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. ओडिल उभी राहिली. त्याचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं, आणि तिला कळलं की तिने त्याला नीट पाहिलंच नव्हतं.

"तू सांगितलं नाहीस," तो हात खाली घेत म्हणाला. "ते एक. पण मी एकदाही विचारलं नाही. पाठ दुखते म्हणालीस, मी मान डोलावली. अकरा वर्षं कुणाची पाठ दुखते, ओडिल?"

ती त्याच्या शेजारी बसली. खोकं एकाचंच होतं, त्यामुळे अगदी खेटून बसावं लागलं, आणि सवयीने अंग चोरायला गेलेली ती तशीच राहिली. करपलेल्या पिठाचा धूर दोघांच्या अंगावर येत होता. रविवारचं विचारायचं तिला धाडस होईना.

"त्या पोरीला विचार," लुसियन बाहीने नाक पुसत म्हणाला, "सोमवारी दवाखाना किती वाजता उघडतो ते."